तीन दिवसांत पाच बेटं नकोत, बाई

ताई, मी साताऱ्याची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नाताळच्या सुट्टीत नात (वय १२) आणि नातू (वय ७) आमच्याकडे येणार आहेत. नातीला पक्ष्यांचं वेड आहे, दिसला पक्षी की वहीत चित्र काढून ठेवते. तिला समुद्रातली बेटं बघायची आहेत, त्यातही वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या पाकोळ्या. माझ्या भाच्यानं तीन दिवसांचा बेत आखून दिलाय: कुलाबा, खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग. शिवाय त्याच्या ओळखीचा एक होडीवाला म्हणतो, वरचे पैसे दिलेत तर वेंगुर्ल्याच्या खडकावर उतरवतो, गुहेपर्यंत नेतो. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी जन्मात होडीत बसलेले नाही. पाण्याची भीती वाटते, हे घरात कुणाला बोललेले नाही. एवढा खर्च करून काहीच दिसलं नाही तर पोरांचा हिरमोड होईल. काय करू?

— एक आजी, सातारा

बाई, नमस्कार.

आधी त्या होडीवाल्याचं. त्याला आजच नको म्हणून कळवा. बाकीचं सगळं सावकाश ठरवता येईल, हे मात्र लांबवू नका.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात बरंच आत खडकांचा एक पुंजका आहे. तिथं दीपगृह आहे, आणि त्यातल्या एका बेटाला बर्न्ट आयलंड म्हणतात. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळी राहते. मुठीत मावेल एवढा काळपट पक्षी. गुहेतल्या मिट्ट काळोखात ती टिकटिक असा आवाज काढत उडते आणि कातळावर आपटून परत येणाऱ्या आवाजावरून वाट काढते. वटवाघूळ करतं तेच, फक्त वटवाघळाचा तो आवाज बहुधा आपल्या कानाला कळत नाही, हिचा कळतो. घरटं ती आपल्या लाळेनं कातळाला चिकटवते, आणि ती लाळच तिच्या जिवावर उठली. पूर्वेकडच्या देशांत पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप करतात, त्याला पैसा मोठा मिळतो. त्यापायी वेंगुर्ल्याच्या गुहेतूनही घरटी चोरून नेली गेली आहेत. वनखात्यानं आणि निसर्गप्रेमी मंडळींनी ती चोरी थांबवण्यासाठी पुष्कळ धडपड केली आहे. शेजारच्या उघड्या कातळावर सुरय पक्षी अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच, खडकाचा एखादा खळगा पुरतो. माणूस वर चढला की पक्षी उठतो, अंडं उन्हात उघडं पडतं, आणि अंड्याचा रंग दगडासारखा असल्यामुळे पाय पडला तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

तो होडीवाला म्हणेल, डिसेंबर काही विणीचा काळ नाही. ते खरंच आहे. पण पैसे घेऊन डिसेंबरात उतरवणारा एप्रिलातही उतरवतो, आणि आपण दिलेल्या पैशानं त्याला त्याची सवय लागते. शिवाय तुमच्या बाजूनं बघा. उघडा समुद्र, धक्का नाही, हेलकावणाऱ्या होडीतून शेवाळलेल्या कातळावर उडी, आणि बरोबर सात वर्षांचं पोर. नातीला हे सगळं तुम्ही स्वतःच सांगा. पक्ष्यांवर जीव असलेली मुलगी आहे, तिला कारण कळलं तर ती रुसणार नाही. निवतीच्या किल्ल्यावर तिला घेऊन जा. हवा स्वच्छ असेल तर तिथून समुद्रातले ते खडक दिसतात. पाकोळ्या कुठे राहतात ते बघितलं, आणि जवळ गेलो नाही, एवढं तिच्या वहीत लिहिता येईल.

आता भाच्याचा बेत. त्यानं प्रेमानं आखलाय, पण नकाशा समोर ठेवलेला दिसत नाही. कुलाबा आणि खांदेरी अलिबागच्या अंगाला, जंजिरा मुरूडजवळ राजपुरीला, सुवर्णदुर्ग दापोली तालुक्यात हर्णैला, आणि सिंधुदुर्ग खाली मालवणात. म्हणजे जवळजवळ अख्खं कोकण उभं पार करायचं, तेही खाड्यांना वळसे घालत. तीनातले अडीच दिवस गाडीत जातील आणि नातू घाटात आजारी पडेल. पण त्याहून मोठी अडचण अशी की या पाचही ठिकाणचं पाणी गाडीच्या वेळापत्रकानं चालत नाही.

तुम्ही गणित शिकवलंय, म्हणून आमच्याकडचा जुना हिशेब सांगते. मुलांकडून करूनच घ्या. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे त्या दिवशी दुपारी बाराच्या पुढे पाणी खाली. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. रोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, म्हणून हा हिशेब बसतो. मुंबई-अलिबागकडे तो बरा जुळतो. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याच्या काहीशी आधी येते, तेव्हा तिथं पोचल्यावर एखाद्या कोळ्याला किंवा धक्क्यावर विचारून घ्यायचं.

पण नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती उतरणार हेही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा ओहोटी छान दुपारी बारा-साडेबाराला येते खरी, पण पाणी हवं तेवढं मागे जातच नाही. पुष्कळ लोक इथंच फसतात. दुपारची सोयीची ओहोटी बघून कुलाब्याला चालत जायला निघतात आणि समोर मांडीभर पाणी बघून परत फिरतात. मला विचाराल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सगळ्यांत चांगले. उधाणाचा जोर अजून असतो, आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. ऊन नाही, वारा नाही, आणि खडप, म्हणजे किनाऱ्यालगतचा कातळ, उघडं पडलेलं. कालनिर्णयात तिथी बघून सुट्टीतले तेवढे दिवस मिळतात का ते आधी पाहा, खोली नंतर बुक करा.

हे मी इतकं घोळवून सांगतेय त्याला कारण आहे. मी मालवणची. सातवीत असताना आम्ही तिघी मैत्रिणी दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला पद्मगडावर चालत गेलो होतो. शिंपले वेचण्यात वेळ गेला. समोरचा समुद्र शांत होता, म्हणून आम्हाला वाटलं अजून अवकाश आहे. भरती समोरून लाट होऊन येते असं माणसाला वाटतं, पण ती आधी सखल भागातून, मागच्या बाजूनं गुपचूप भरते. किनाऱ्यावरून एक कोळीण ओरडली, "चेडवांनू, पाणी भरूक लागला, फिरा मागे!" तेव्हा आमच्या आणि किनाऱ्याच्या मधे गुडघ्याएवढं पाणी होतं. पोचेपर्यंत कमरेला आलं. माझ्या मैत्रिणीचा पाय कालवांवर चिरला, त्याची खूण अजून आहे. तेव्हापासून नियम एकच पाळते: पाणी उतरत असतानाच जायचं, आणि उतरायचं थांबायच्या आत पाठ फिरवायची. मुलांच्या पायात मागे पट्टा असलेल्या जाड तळाच्या चपला हव्यात. अनवाणी खडपावर अजिबात नाही.

तर तीन दिवस, एक गाव, मालवण. फोंडा घाटातून कणकवलीला उतरा आणि पहिला दिवस प्रवासातच गेला म्हणून हळहळू नका. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग, सकाळच्या पहिल्या होडीनं. २०२५च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यात सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. नाताळात गर्दी असतेच, दहा वाजल्यानंतर किल्ल्याच्या दरवाज्यात रांग लागते असं समजून चाला. पहिल्या होडीचा दुसरा फायदा वाऱ्याचा. हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीकडून दर्याकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा पाणी तेलासारखं शांत असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. होडीवाले किल्ल्यावर साधारण ठरावीक वेळच देतात, म्हणून चढण्याआधीच सांगा, आम्हाला तीन तास हवेत, उशिराच्या होडीनं परत येऊ. जास्तीचे पैसे पडले तर द्या. पाच बेटांच्या पेट्रोलपेक्षा ते कमीच असतील.

हा किल्ला कुरटे नावाच्या बेटावर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी बांधकामाला सुरुवात केली. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर, आतलं क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर. यजमानांना इतिहास आवडतो असं पत्रावरून वाटलं नाही, पण त्यांना एक गोष्ट जरूर दाखवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहतं, आणि विहीर बेतानं खणली तर तेच हाती लागतं. बेटावर माणूस टिकला तो या पाण्यावर. आजही किल्ल्यात काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना मुलांना आवाज कमी करायला सांगा.

नातीला मात्र समुद्राकडच्या तटावर न्या. एका जागी अर्धा तास बसवा, फिरवू नका. डिसेंबरात कुरव, म्हणजे सीगल, आलेले असतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी वाढतो आणि हिवाळ्याला आपल्या किनाऱ्यावर येतो. पण तिला तपकिरी डोकं दिसणार नाही, कारण थंडीत ते पांढरं होतं, डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका उरतो. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाही म्हणून मुलं खट्टू होतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. तटाखालच्या खडकांवर पाटीसारख्या राखाडी रंगाचा समुद्री बगळा एकटाच उभा असतो. त्याच जातीचा बगळा पांढराही असतो. सुरय डोक्यावरून जातील, पाण्यात सरळ सूर मारतील. आणि नशीब असेल तर समुद्री गरुड, पांढरं पोट आणि रुंद राखाडी पंख. हा उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. हिवाळ्यात घरट्यात पिल्लं असू शकतात. कुणी जवळ नेऊन फोटो काढून देतो म्हणालं तर जाऊ नका. घरट्याखाली माणसांची वर्दळ वाढली तर गरुड घरटं सोडून जातो.

होडीत एक गोष्ट नक्की होईल. कुणीतरी कुरवांना शेव, वेफर्स फेकेल, पक्षी हातापर्यंत येतील आणि नातू मागेल, मलाही दे. देऊ नका. त्याला रडू येईल, तरी देऊ नका. तळलेलं आणि खारवलेलं खाऊन त्या पक्ष्याचं भलं होत नाही, आणि होडीमागे घिरट्या घालायची सवय लागली की तो मासे धरायचं सोडतो. त्याऐवजी त्याला मोजायला लावा, किती कुरव पाण्यावर बसलेत, किती उडताहेत. सात वर्षांच्या मुलाला मोजायला आवडतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. पाण्याखाली प्रवाळ आहे. किनाऱ्यावर तुम्हाला दहा जण स्नॉर्केलिंगला चला म्हणतील. मुलं पोहणारी असतील आणि बरोबर माणूस जबाबदार असेल तर माझी ना नाही, पण दोन गोष्टी त्याला आधी विचारा: नांगर कुठे टाकता, आणि माशांना ब्रेड घालता का. प्रवाळ दगडासारखं दिसतं पण ते जिवंत आहे, त्यावर पाय टेकला किंवा नांगर पडला तर वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. उत्तर पटलं नाही तर सरळ नाही म्हणा. खडपावरच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात पोरांना तेवढंच सापडेल: समुद्रफुलं, खेकडे, खुबे, आणि रिकाम्या शंखात घर करून फिरणारे बारके खेकडे. ते बघितल्यावर शंख घरी न्यायचा हट्ट आपोआप कमी होतो, कारण कुणाचं तरी घर न्यायचं नाही हे मुलांना लगेच कळतं.

डॉल्फिनचं विचारलं नाहीत, पण विचारतील सगळेच. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे देवबाग किंवा निवतीहून एकच फेरी करा. आपल्याकडचा डॉल्फिन कुबडवाला, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला. सिनेमातल्यासारखा उड्या मारत नाही. राखाडी पाठ आणि तिच्यावरचा उंचवटा सावकाश वर येतो, दम घेतो, पुन्हा खाली. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, निघतानाच सांगा, "पाठलाग करू नका, इंजिन मंद ठेवा, दिसले तर दिसले." हे सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, तो खूश होईल. पाठलाग होतो तो गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळे. चारी बाजूंनी होड्या आल्या की पिल्लू आईपासून तुटतं. आणि तुमचा मूळ प्रश्न, काहीच दिसलं नाही तर? डॉल्फिन न दिसण्याची शक्यता आहेच. सकाळच्या ओहोटीला खडपावर काहीच न दिसण्याची मात्र नाही. म्हणून खडप आधी ठेवा, डॉल्फिन नंतर.

आता तुमच्या भीतीचं. माझी आई कोल्हापूरकडची. लग्न होऊन मालवणात आली आणि मी चौथीत जाईपर्यंत होडीत पाय ठेवला नाही. कुणी हसलं की ती गप्प बसायची, आणि भीती वाढायची. तुम्ही गप्प बसू नका. पोचल्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावर तासभर बसा. होड्या कशा येतात, म्हाताऱ्या बायका कशा उतरतात, मासळीचा लिलाव कसा चालतो, सगळं बघा. आणि तिथंच नातीला सांगा की मला भीती वाटते, उद्या माझा हात धर. बारा वर्षांच्या मुलीला आजीनं असं सांगितलं तर ती सबंध फेरीभर तुमच्याकडे लक्ष ठेवील. होडीत मधोमध बसा, नजर पाण्यावर न ठेवता लांब क्षितिजावर ठेवा. रिकाम्या पोटी निघू नका, पोहे-उपमा थोडा खाऊन घ्या, तोंडात आलेपाक ठेवा. जॅकेट होडी सुटायच्या आधी अंगात, बक्कल लावून. नातवाला लहान मापाचंच मागा, मोठं जॅकेट पाण्यात लहान मुलाच्या डोक्यावरून निघून येतं. लहान माप नाही म्हणाले तर पुढच्या होडीनं जा. धक्क्यापासून किल्ला दहा-पंधरा मिनिटांवर आहे. एवढं करूनही सकाळी मन तयार झालं नाही, तर किनाऱ्यावर थांबा आणि तसं स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

यजमानांच्या गुडघ्यासाठीही सिंधुदुर्गच बरा. जंजिऱ्याला होडी दरवाज्याच्या पायऱ्यांशी लाटेवर वरखाली होत असते, क्षण साधून पाय टाकावा लागतो, ते त्यांना जमायचं नाही. सुवर्णदुर्गाला पाण्यात उतरून जावं लागतं. मालवणातही होडीत चढताना पुढे एक आणि मागे एक माणूस हवा, घाई करू देऊ नका. तटावर त्यांनी चढायचं नाही. आत माडांची सावली आहे, साखरबावीच्या बाजूला त्यांना बसवा, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र द्या, कचऱ्याची पिशवीही त्यांच्याकडेच राहू द्या, ती भरून परत आणायची आहे. तुम्ही नातीबरोबर वर जा. नातवाला आजोबांपाशी ठेवायचं की वर न्यायचं ते त्यालाच विचारा. आणि वहीत कुरव काढला की डोळ्यामागचा तो ठिपका राहिला नाही ना, तेवढं बघा.